श्रद्धेचे विद्यापीठ आणि त्याचा कारभार : अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने

ज्या विद्यापीठासाठी एखादे ख्रिस्ती चर्च जमीन, पैसा आणि माणसे पुरवते, ज्याच्या नियामक मंडळावर आपले प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार स्वतःकडे राखते आणि ज्याच्या अभ्यासक्रमामागे त्या चर्चची श्रद्धा कमीअधिक प्रमाणात उभी असते, त्याला चर्चपुरस्कृत विद्यापीठ म्हणतात. युरोप-अमेरिकेत अशी विद्यापीठे शेकड्यांनी आहेत, भारतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या मुलखात, असे विद्यापीठ कधीच निघाले नाही. तरीही एका श्रद्धेच्या बळावर उच्च विद्येची संस्था उभारावी आणि तिच्यातील विचार मात्र मोकळा राहावा, हा या विद्यापीठांच्या मुळाशी असलेला पेच खानदेशाला अपरिचित नाही. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर या तालुक्याच्या गावी १९१६ मध्ये स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिराने तो पेच अर्धशतक अनुभवला, आणि त्याचा उलगडा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा संस्थेच्या कारभारात अधिक स्पष्टपणे होतो.

या कारभाराचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी प्रथम बंगालमधील श्रीरामपूरकडे पाहणे इष्ट ठरेल. कलकत्त्याजवळच्या या डॅनिश वसाहतीत विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये महाविद्यालय काढले. मराठी वाचकाला कॅरी परका नाही, कारण त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि फोर्ट विल्यम महाविद्यालयात तो वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीही शिकवीत असे. १८२७ मध्ये डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी या महाविद्यालयाला सनद देऊन पदव्या बहाल करण्याचा अधिकार दिला आणि त्याचबरोबर संस्थेला निगम निकायाचे, म्हणजे जिचे सभासद बदलले तरी जी कायद्याच्या दृष्टीने तीच राहते अशा कृत्रिम व्यक्तीचे, रूप दिले. या तरतुदीचे मोल लवकरच कळून आले. वॉर्ड सनदेपूर्वीच, १८२३ मध्ये, वारला होता, पुढे १८३४ मध्ये कॅरी व १८३७ मध्ये मार्शमन गेला आणि १८४५ मध्ये डेन्मार्कने ती वसाहतच ईस्ट इंडिया कंपनीला विकली, तरी संस्था आणि तिचे हक्क कायम राहिले. १९१८ मध्ये बंगाल विधिमंडळाने केलेल्या कायद्याने तिच्या परिषदेत निरनिराळ्या पंथांच्या चर्चना स्थान मिळाले, आणि ईश्वरविद्येच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या, पदव्यांचा कारभार पाहण्यासाठी वेगळी सिनेट निर्माण झाली. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेले आणि १९८३ मध्ये पुण्यास हललेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे महाविद्यालय पुढे याच सिनेटशी संलग्न झाले.

ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र श्रीरामपूरचा कित्ता सरकारने गिरवला नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने विद्यापीठांच्या परीक्षांमध्ये धर्मश्रद्धेचा विषय असू नये असे ठरवले आणि १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ त्या धोरणानुसार केवळ परीक्षा घेणारे व महाविद्यालये संलग्न करून घेणारे विद्यापीठ म्हणून अस्तित्वात आले. संलग्नीकरण म्हणजे शिकवणे एका संस्थेने, तर अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी दुसऱ्या संस्थेने पाहायची अशी कामाची वाटणी होय. या वाटणीमुळे चर्चला विद्यापीठ मिळाले नाही, तरी महाविद्यालय चालवण्याची मुभा मिळाली. स्कॉटिश मिशनचे विल्सन महाविद्यालय आणि जेझुइटांचे सेंट झेवियर्स महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले, आणि मिशनरी असलेले डॉ. जॉन विल्सन त्याच धर्मनिरपेक्ष विद्यापीठाचे काही काळ कुलगुरूही होते. श्रद्धा महाविद्यालयाच्या उंबरठ्याच्या आत आणि पदवी उंबरठ्याच्या बाहेर, अशी जी तडजोड त्या काळी रूढ झाली ती पश्चिम हिंदुस्थानात पुढे शंभर वर्षे टिकली.

मिशनच्या महाविद्यालयांनी मराठी समाजाला इंग्रजी विद्या दिली, तसा संस्थाकारभाराचा एक नमुनाही दिला. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची पद्धत स्वीकारली. ठराविक व अल्प वेतनावर आयुष्याची वर्षे संस्थेला वाहणारे शिक्षकच तिचा कारभार पाहतील, असे या पद्धतीचे स्वरूप होते. १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा देताना लोकमान्य टिळकांनी केलेल्या प्रदीर्घ निवेदनात जेझुइट साधूंच्या त्यागाच्या तत्त्वाचा आधार घेतलेला दिसतो, आणि सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की करू नये या वादाचे मूळही त्याच तत्त्वात होते. ख्रिस्ती धर्म न स्वीकारता ख्रिस्ती संघाची शिस्त उचलण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्थांना वळण देणारा ठरला. अमळनेरच्या संस्थेचा जन्म मात्र या वळणातून न होता वेगळ्याच परिस्थितीतून झाला.

ती परिस्थिती कापसाची होती. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशातून भुसावळकडे गेली आणि तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतील कापूस मुंबईच्या बाजारात थेट पोचू लागला. १८७० च्या दशकात जळगावला कापडाची गिरणी निघाली. तिच्यामागे मुंबईच्या मुळजी जेठा या व्यापारी घराण्याचे भांडवल होते. पुढे तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गाने सुरत व भुसावळ जोडले गेले, अमळनेर त्या मार्गावर आले आणि श्रीमंत मोतीलाल माणेकचंद उर्फ प्रतापशेठ यांच्या प्रताप मिलने बोरी नदीकाठच्या या गावाला गिरणगावाचे रूप दिले. त्याआधी अमळनेरची ओळख संत सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे होती, वैशाखातील यात्रा व रथोत्सव यांसाठी लोक तेथे येत, आणि संस्थानाचा वारसा गादीच्या परंपरेने, म्हणजे एका सत्पुरुषाकडून त्याने वा परंपरेने मान्य केलेल्या दुसऱ्याकडे, चालत असे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे ठरली. उच्च शिक्षणाच्या नकाशावर मात्र दोन्ही जिल्हे कोरेच होते. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर पुणे, मुंबई किंवा बडोदे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

साधे कला महाविद्यालयही नसलेल्या या प्रदेशात प्रतापशेठांनी १९१६ मध्ये पदव्युत्तर दर्जाची तत्त्वज्ञानसंस्था काढली, हीच या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. मराठीत तत्त्वज्ञान मंदिर आणि इंग्रजीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसफी या नावाने ती ओळखली गेली. प्रतापशेठांची निष्ठा शांकर अद्वैतावर होती. ब्रह्म हेच एकमेव सत्य असून जीव त्याहून वेगळा नाही, हे मत केवळ श्रुतिवचनांच्या आधारे मान्य करण्याचे नसून ते तर्कालाही पटणारे आहे आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी त्याची बरोबरीने तुलना होऊ शकते, अशी संस्थेच्या स्थापनेमागील धारणा होती. चर्चपुरस्कृत विद्यापीठाच्या हेतुलेखात ज्या प्रकारचे विधान असते त्याच प्रकारचे हे विधान आहे, कारण येथेही निष्कर्ष आधीच मान्य झालेला असून त्याच्या समर्थनासाठी विद्वानांना पाचारण केलेले आहे. फरक इतकाच की येथे पाचारण करणारे चर्च नव्हते, मठ नव्हता, शंकराचार्यांचे पीठही नव्हते. एक गिरणीमालक गृहस्थ स्वतःच्या उत्पन्नातून ते करीत होता.

त्याच वर्षी काशीला हिंदू विद्यापीठाची कोनशिला बसली आणि महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले, त्यामुळे या तिन्हींची तुलना बोधप्रद ठरते. काशीच्या विद्यापीठाला १९१५ च्या केंद्रीय कायद्याचा पाया होता. त्याच्या ‘कोर्ट’ नावाच्या सर्वोच्च सभेचे सभासद हिंदूच असावेत अशी अट कायद्यात होती आणि ती १९५१ च्या दुरुस्तीने निघेपर्यंत टिकली. म्हणजे तेथे श्रद्धेचे रक्षण सभासदत्वाच्या नियमाने केले होते, वर्गातील शिकवणुकीच्या नियमाने नव्हे. कर्व्यांच्या विद्यापीठाला आरंभी सरकारी मान्यता नव्हती, तरी त्याला देणगीदार, सभासद आणि निवडून येणारे मंडळ होते आणि ते स्वतःच्या पदव्या देत होते. अमळनेरच्या संस्थेपाशी यांपैकी दोन गोष्टी नव्हत्या : स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता आणि देणगीदाराच्या पाठीशी उभा राहील असा मोठा सभासदवर्गही नव्हता. जे होते ते असे की निवडलेल्या अभ्यासकांना शिष्यवृत्ती मिळे, राहण्याची व ग्रंथांची सोय असे आणि परीक्षेचे ओझे नसल्यामुळे वाचन, लेखन व वादविवाद यांस पूर्ण वेळ मिळे.

या निवांतपणाचे फळ लहान नव्हते. सिंधी विद्वान घनश्यामदास रतनमल मलकानी हे संस्थेचे प्रदीर्घ काळचे आधारस्तंभ होते. त्यांच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक १९२० च्या दशकाच्या मध्यापासून अमळनेरहून निघू लागले आणि भारतीय तत्त्वज्ञान परिषदेशीही त्याचा संबंध जुळला. त्यामुळे कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद येथील प्राध्यापकांचे लेख खानदेशातील एका तालुक्याच्या गावातून जगापुढे जाऊ लागले. कृष्णचंद्र भट्टाचार्य या विसाव्या शतकातील अग्रगण्य भारतीय तत्त्वचिंतकाने १९३३ ते १९३५ या काळात संस्थेचे संचालकपद भूषविले, आणि त्यापूर्वीच १९३० मध्ये त्यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा इंग्रजी ग्रंथ अमळनेरच्या संस्थेनेच प्रसिद्ध केला होता. ज्ञाता हा ज्ञेय वस्तूंच्या रांगेत बसवता येत नाही, म्हणून तो वस्तूंपासून टप्प्याटप्प्याने मोकळा होत जातो, प्रथम देहाच्या जाणिवेच्या पातळीवर, मग प्रतिमा व विचार यांच्या मानसिक पातळीवर आणि अखेरीस आध्यात्मिक पातळीवर, असा या लहानशा पण अतिशय कठीण ग्रंथाचा युक्तिवाद आहे. त्यामागे वेदान्त आहे आणि कांटही आहे, परंतु त्यात श्रुतिवचनाला प्रमाण मानून वाद मिटवलेला नाही. संस्थापकाला अद्वैत तर्काने उभे राहिलेले पाहायचे होते, ती अपेक्षा येथे पूर्ण झाली असे म्हणता येते.

विचाराच्या मोकळेपणाची दुसरी साक्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अज्ञान’ हा ग्रंथ देतो. अद्वैतात अज्ञान किंवा अविद्या हा कळीचा प्रश्न आहे, कारण एकच ब्रह्म सत्य असेल तर जगाचा भास कोणाला व कशामुळे होतो, याचे उत्तर अविद्येवर सोपवलेले असते. अविद्या खरी मानली तर अद्वैत मोडते आणि खोटी मानली तर तिने भास कसा घडवला हे सांगता येत नाही. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या संस्थेतील तिघांनी याच प्रश्नावर आपापले भाग लिहिले आणि ते एकाच ग्रंथात एकत्र छापले. मलकानी हे आयुष्यभर अद्वैताचे निष्ठावंत समर्थक राहिले, दास यांची प्रवृत्ती चिकित्सेची होती, तर मूर्ती पुढे काशीच्या विद्यापीठात गेले आणि माध्यमिक बौद्ध तत्त्वज्ञानावरील १९५५ च्या ग्रंथामुळे प्रसिद्धीस आले. ज्या सिद्धान्ताच्या प्रतिष्ठेसाठी संस्था निघाली त्याच्याच सर्वांत नाजूक जागेवर संस्थेतील अभ्यासकांनी बोट ठेवावे आणि ते संस्थेच्या वर्तुळातच व्हावे, ही गोष्ट अनेक चर्चपुरस्कृत विद्यापीठांना सहजासहजी साधलेली नाही. तेथे प्राध्यापकाला नेमणुकीच्या वेळी श्रद्धापत्रावर, म्हणजे चर्चच्या मूळ मतांना मान्यता देणाऱ्या लेखावर, सही करावी लागण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती आणि काही ठिकाणी आजही आहे.

परंतु एका निष्ठेला वाहिलेली संस्था प्रत्येकाला मानवतेच असे नाही. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढे साने गुरुजी म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झालेले लेखक, तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक म्हणून आले होते. १९२४ मध्ये ते तेथून बाहेर पडून अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले, छात्रालयाचे काम पाहू लागले, १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३० मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी नोकरी सोडली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेणारे तेच होते. एकाच गावात अद्वैताची चर्चा इंग्रजी त्रैमासिकातून चालावी आणि त्याच गावातील शाळेच्या छात्रालयातून पीडितांविषयी कळवळ्याची शिकवण मराठीत घराघरांत पोचावी, हा योगायोग संस्थेची मर्यादा दाखवतो. मंदिराचे वाचक देशभर होते, पण अमळनेरच्या गिरणीकामगाराच्या मुलाला त्या दारातून आत नेणारा अभ्यासक्रम तेथे नव्हता.

मर्यादेचे दुसरे आणि अधिक निर्णायक अंग कारभाराचे होते. संस्थेचा खर्च प्रामुख्याने एका उद्योगसमूहाच्या संपन्नतेवर आणि तिची प्रतिष्ठा प्रामुख्याने एका संपादक-संचालकाच्या परिश्रमांवर उभी होती. चर्चमध्ये पाळक वारला तर मंडळी, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांचा समुदाय, दुसरा पाळक बोलावते आणि दर रविवारची वर्गणी चालू राहते. गादीच्या संस्थानात उत्तराधिकारी ठरलेला असतो. शेठजींच्या दानावर चालणाऱ्या विद्यासंस्थेत मात्र दात्याच्या पश्चात कोण देणार आणि आचार्याच्या पश्चात कोण बसणार या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवावी लागतात. स्वातंत्र्यानंतर खानदेशातील कापड गिरण्यांचे दिवस पालटले, उच्च शिक्षण सरकारी अनुदानाच्या कक्षेत आले, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक नोकरीच्या निमित्ताने विद्यापीठांच्या विभागांकडे वळले, आणि मलकानींच्या वार्धक्याबरोबर १९६० च्या दशकात जुने त्रैमासिकही थांबले.

धुळ्याच्या दोन संस्थांशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये तेथे सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली आणि समर्थ रामदास व त्यांच्या संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करणे, ती छापणे व जपणे हे काम तिने अंगावर घेतले. समर्थ वाग्देवता मंदिर हे तिच्या हस्तलिखित संग्रहाचे घर होय. ही संस्थाही श्रद्धेतूनच निघाली, पण ती एका दात्याची नव्हती, सभेची होती. दुसरे उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे आहे. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करूनही त्या मंडळात ते रमले नाहीत, अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. संस्थेच्या शिस्तीत न मावणाऱ्या या विद्वानाची कागदपत्रे आणि टिपणे त्याच्या चाहत्यांनी स्थापन केलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळली आणि ‘संशोधक’ या नियतकालिकातून त्यांच्या कार्याचा धागा पुढे नेला. तेथे धन थोडे होते, पण सभासदांची यादी होती, वार्षिक सभा होती आणि पदाधिकारी बदलण्याची रीत होती.

अमळनेर व जळगाव येथे हीच रीत महाविद्यालयांच्या रूपाने १९४५ मध्ये आली. त्या वर्षी जळगावला खानदेश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचे मुळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाचे प्रताप महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही नावांत गिरणीच्या पैशाची ओळख कायम राहिली, परंतु कारभार दात्याकडे न राहता संस्थेकडे गेला. अशा संस्थेची नोंदणी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली होते, तिची मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली येते, सर्वसाधारण सभा नियामक मंडळ निवडते, आणि महाविद्यालयाला मान्यता हवी असल्यास विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा व अध्यापक यांची पाहणी करून अहवाल देते. खानदेशातील महाविद्यालये आरंभी मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या १२ जिल्ह्यांच्या कार्यक्षेत्रात पूर्व व पश्चिम खानदेशाचा समावेश झाला आणि बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे तेथील पहिले कुलगुरू झाले.

याच पुणे विद्यापीठाच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिराला दुसरा जन्म मिळाला. प्रा. सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराच्या काळात विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग व अमळनेरचे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र, म्हणजे नव्या नावाचे हेच मंदिर, यांचे सहकार्य सुरू झाले, १९७३ पासून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक दोघांच्या संयुक्त नावाने निघू लागले आणि मराठीतील ‘परामर्श’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकालाही त्याच सहकार्याची पार्श्वभूमी लाभली. जुन्या त्रैमासिकाचा वारसा सांगणाऱ्या या नव्या प्रकाशनात अद्वैताला अग्रमान असण्याचे कारण उरले नव्हते. विश्लेषक तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र यांवरील लेख तेथे येऊ लागले. संस्थेचे नाव व वारसा टिकला, तिच्या स्थापनेचे प्रयोजन मात्र विद्यापीठीय विषयाच्या विस्तारात विरघळले.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव व तत्कालीन धुळे जिल्ह्यांसाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. गणितज्ञ प्रा. निंबा कृष्णा ठाकरे हे त्याचे पहिले कुलगुरू होते, जळगावजवळ गिरणेच्या परिसरात त्याचे आवार उभे राहिले, १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही त्याच्याच कक्षेत राहिला आणि २०१८ मध्ये असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव त्याला देण्यात आले. अमळनेरचे प्रताप तत्त्वज्ञान केंद्रही याच विद्यापीठाच्या छत्राखाली आले. अशा विद्यापीठाचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतो. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात, कुलगुरू हे शैक्षणिक व प्रशासकीय प्रमुख असतात, अर्थसंकल्पासारख्या विषयांवर चर्चा करणारी अधिसभा, निर्णय अमलात आणणारी व्यवस्थापन परिषद आणि अभ्यासक्रमांचा दर्जा राखणारी विद्या परिषद अशी त्याची अंगे असतात. अधिसभेत प्राचार्यांचे १०, अध्यापकांचे १०, नोंदणीकृत पदवीधरांचे १० आणि संस्थाचालकांचे ६ प्रतिनिधी निवडून येतात. या रचनेत श्रद्धेसाठी जागा राखलेली नाही, परंतु एक व्यक्ती वारल्याने वा एक गिरणी बंद पडल्याने विद्यापीठ बंद पडण्याचा धोकाही राहिलेला नाही.

महाराष्ट्रात चर्चपुरस्कृत विद्यापीठ प्रत्यक्षात आले ते २०१४ मध्ये आणि तेही पुण्याला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हे शनिवार हा विश्रामदिन पाळणारे प्रॉटेस्टंट चर्च आहे. १९१५ मध्ये कोईमतूर येथे त्याने काढलेली प्रशिक्षणशाळा बंगळूरमार्गे १९४२ मध्ये पुण्यास आली, विल्यम ॲम्ब्रोझ स्पायसर या चर्चनेत्याच्या नावाने महाविद्यालय म्हणून वाढली आणि जवळजवळ शंभर वर्षांनंतर राज्य विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्याने स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ झाली. खासगी विद्यापीठांच्या अशा कायद्यांत प्रायोजक संस्था ही मध्यवर्ती संकल्पना असते. निधी उभारणे, नियामक मंडळात आपली माणसे नेमणे आणि संस्थेची दिशा ठरवणे हे तिचे अधिकार, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे निकष पाळणे हे तिच्यावरचे बंधन असते. अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांना भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० चाही आधार आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने असा निवाडा दिला की शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी विद्यापीठ नियम करू शकते, परंतु संस्थेचा कारभार चालवण्याचा अधिकारच काढून घेऊ शकत नाही.

या सर्व संस्थांचा इतिहास एकत्र वाचला असता असे दिसते की श्रद्धा ही विद्येच्या आड येते की नाही, हा वाद जितका रंगवला जातो तितका तो निर्णायक नाही. अमळनेरला ठाम अद्वैतनिष्ठेच्या छायेतही अविद्येवर मुक्त वाद झाला आणि भट्टाचार्यांचा स्वतंत्र प्रज्ञेचा ग्रंथ छापला गेला. उलट, श्रद्धेचा संबंध नसलेल्या महाविद्यालयांतही नियामक मंडळातील गटबाजीने अध्यापनाचा बळी गेल्याची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. निर्णायक ठरते ते दात्याचे दान आणि आचार्याची विद्या यांना त्यांच्या हयातीतच एखाद्या चिरस्थायी निकायाच्या स्वाधीन करण्याचे धोरण. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी ते सनदेने साधले, ॲडव्हेंटिस्टांनी चर्चच्या संघटनेने आणि धुळ्याच्या विद्याप्रेमींनी सभेच्या नियमावलीने. प्रतापशेठांनी खानदेशाला जे दिले ते यांपैकी कोणत्याही देणगीपेक्षा कमी मोलाचे नव्हते, फक्त त्याचा उत्तराधिकार ठरवण्याचे काम पुढे विद्यापीठांकडे आले, आणि विद्यापीठ वास्तू, ग्रंथ व नाव यांचा वारस होऊ शकते, एखाद्या सिद्धान्ताचा पक्ष घेऊन वाद लढवणारा वारस ते होऊ शकत नाही. खानदेशात पुन्हा कोणी एका विचाराला वाहिलेली विद्यासंस्था काढू म्हटले, तर तिच्या घटनेतील विचाराविषयीच्या कलमाइतकेच पुढच्या संचालकाच्या निवडीविषयीचे कलम काळजीपूर्वक लिहावे लागेल.